आज कोणती तारीख?

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी मावशी परीक्षेत नापास झाली, ती तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. २६ जून २०००, सोमवार. लक्षात राहायचं कारण असं, की परीक्षा मीच घेतली होती.

त्या वेळी मी पुण्यातल्या एका रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. विसरायला होतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या वयस्कर मंडळींची पहिली चाचणी माझ्याकडे व्हायची. तीस गुणांची ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडेही तिचे तर्जुमे करून वापरतात. आज तारीख काय, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, एखादं वाक्य लिहा, हे दोन पंचकोन एकमेकांत अडकलेत तसे काढून दाखवा. दहा मिनिटांचं काम. तेवीस किंवा त्याखाली गुण आले, की पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी.

मावशी कोरेगाव तालुक्यातली. सत्तरी ओलांडलेली, शाळेची पायरी कधी चढलेली नाही. पाय सुजतात म्हणून तिला पुण्याला आणलं होतं. ‘आलीच आहेस तर हेही उरकून घेऊ,’ म्हणून मी तिला माझ्या टेबलासमोर बसवलं.

‘मावशी, आज कोणती तारीख?’

‘आज दशमी. उद्या एकादशी न्हाई का?’

मी शून्य मांडलं. महिना विचारला, तर म्हणाली, ‘आर्द्रा लागून चार-पाच दिस झालं की.’ पुन्हा शून्य. शंभरातून सात गेले किती, यावर तिनं मलाच विचारलं, ‘शंभर काय? रुपयं?’ नियमाप्रमाणे मला मदत करायची नव्हती. ‘नुसते शंभर,’ मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत गप्प राहिली. पेन्सिल तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली ती त्या दिवशी, आणि तीही पंचकोन काढायला!

तिला तीसपैकी पंधरा गुण मिळाले. स्मृतिभ्रंशाची शक्यता, असा शेरा माझ्याच अक्षरात आहे. औषध सुरू झालं. घरच्यांनी तिला चुलीपासून दूर ठेवलं, कनवटीच्या किल्ल्या काढून घेतल्या. तीन महिन्यांनी मी गावी गेले, तेव्हा ती ओसरीवर बसून होती. दुधाचा विषय निघाला, म्हणून तिनं सहज चार घरांच्या रतिबाचा तीन महिन्यांचा हिशेब तोंडी सांगितला. कोणाकडे किती खाडे झाले, कोणी किती दिले, किती राहिले. मी तो कागदावर मांडून पाहिला. एका रुपयाची चूक नव्हती. परत आल्यावर मी डॉक्टरांशी बोलले, औषध थांबलं, किल्ल्या परत मिळाल्या.

मावशीची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पण तिचा शेवट सांगण्याआधी मला तुम्हाला फार लांब न्यायचं आहे, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात. कारण माझ्या टेबलावर एका बाईच्या बाबतीत जे झालं, ते तिथं एका अख्ख्या समाजाच्या बाबतीत होऊ शकलं असतं. ते होऊ नये म्हणून काही माणसांनी खटपट केली, आणि त्या खटपटीतून जे हाती आलं ते मला अजून अस्वस्थ करतं.

या भागाचं नाव किंबर्ली. क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून बरंच मोठं, आणि वस्ती जेमतेम चाळीस हजारांच्या आतबाहेर. त्यातले निम्म्याच्या आसपास लोक ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. ब्रूम, डर्बी, फिट्झरॉय क्रॉसिंग, हॉल्स क्रीक अशी गावं एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर आणि मधे लाल माती. वर्षाचे ऋतू मुख्यतः दोन, ओला आणि कोरडा. ओल्या ऋतूत नद्यांना पूर आले की कित्येक वस्त्यांचा रस्ता बंद. इथं तीसच्या आसपास मूळ भाषा होत्या. काही आज मोजक्या म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरल्या आहेत.

या म्हाताऱ्यांना स्मृतिभ्रंश होतो का, आणि किती जणांना, हे विचारायचं कसं? तिथल्या जुन्या पिढीतल्या अनेकांनी शाळा पाहिलेली नव्हती. इंग्रजी ही त्यांची तिसरी-चौथी भाषा. शिवाय तिथला रिवाज असा, की अनोळखी माणसानं समोर बसून एकामागून एक थेट प्रश्न विचारणं हे असभ्यपणाचं. मग म्हातारा माणूस गप्प बसतो, किंवा पाहुण्याला बरं वाटावं म्हणून प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतो. काही गोष्टी बायकांनीच बायकांशी बोलायच्या, काही पुरुषांनीच पुरुषांशी. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. अशा वेळी ‘तुमच्या धाकट्या भावाचं नाव काय’ असा साधा प्रश्न विचारला आणि तो भाऊ वारलेला असला, तर उत्तर येणार नाही. कागदावर काय पडेल? शून्य!

डीना लोजुडिचे, लिऑन फ्लिकर, केट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतलं. यातले बरेच जण वृद्धांच्या आजारांवर काम करणारे. त्यांनी शहरातली चाचणी भाषांतर करून नेली नाही. मूळ रहिवाशांच्या स्थानिक संस्था, त्यांचे आरोग्यसेवक, दुभाषे यांच्याबरोबर बसून प्रश्न नव्यानं घडवले. २००६ साली ही चाचणी प्रसिद्ध झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘किका’ म्हणतात. गुण तीसऐवजी एकोणचाळीस.

तो फॉर्म मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा चहा निवून गेला. तारीख विचारलेलीच नाही! त्याऐवजी विचारलंय, हा पेन्शनचा आठवडा आहे का? तिथं पेन्शन पंधरवड्याला मिळते, आणि पेन्शनचा आठवडा कोणता हे वस्तीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ज्याला ते समजेनासं झालं, त्याचं वेळेचं भान खरंच सुटत चाललंय. वर्षातला हा कोणता काळ, म्हणजे ओला की कोरडा, हा पुढचा प्रश्न. मग समोर ठेवतात कंगवा, काड्यापेटी आणि पत्र्याचा पेला. याला काय म्हणतात, हे कशासाठी वापरतात ते विचारायचं. नंतर त्याच वस्तू त्याच्यादेखत लपवायच्या आणि थोड्या वेळानं विचारायचं, मी कुठं ठेवल्या होत्या? शब्दांचा साठा पाहायला प्राण्यांची नावं विचारतात. चित्रांमध्ये इमू पक्षी आहे, मगर आहे. लिहिण्यावाचण्यावर काही अडत नाही. बाटली उघडून पेल्यात पाणी ओता, असं सांगतात आणि हात काय करतात ते बघतात.

वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? कोणालाही सुचेल. पण मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं. माझ्या मावशीला कनवटीच्या किल्ल्या लपवून कुठं ठेवल्या हे विचारणं मला कधीच सुचलं नाही.

चाचणी नुसती गोड असून चालत नाही, ती खरी ठरावी लागते. म्हणून पंचेचाळीस वर्षांवरच्या सत्तर जणांना ही चाचणी दिली, आणि तज्ज्ञांनी किकाचे गुण न बघता त्यांना स्वतंत्रपणे तपासलं. दोन्हींचा मेळ फार चांगला बसला. ज्यांना आजार होता त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ही चाचणी पकडत होती, आणि ज्यांना नव्हता त्यातल्या दहापैकी नऊ जणांना बरोबर सोडून देत होती. पंचेचाळीस हे वय तुम्हाला लवकरचं वाटेल. पण या समाजात म्हातारपणच लवकर येतं. ऑस्ट्रेलियात सरकारी वृद्धसेवांचं नियोजन इतरांसाठी पासष्टपासून होतं, तर मूळ रहिवाशांसाठी पन्नासपासून. २०२० ते २२ या काळातल्या आकड्यांप्रमाणे मूळ रहिवासी पुरुषांचं सरासरी आयुर्मान बहात्तरच्या आत होतं, इतर ऑस्ट्रेलियन पुरुषांपेक्षा जवळजवळ नऊ वर्षांनी कमी.

आता मुख्य गोष्ट. फॉर्म वाचल्यावर माझी खात्री झाली होती, की पुढे काय होणार. मूळ रहिवाशांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त आहे असं कोणी म्हणत असेल, तर तो जुन्या चाचणीचा दोष असणार. मोजपट्टी बदलली की फरक विरघळून जाईल. माझ्या मावशीचे पंधरा गुण विरघळले तसे.

तसं झालं नाही. किका हातात घेऊन ही मंडळी सहा वस्त्यांमध्ये आणि डर्बी गावात फिरली. पंचेचाळीस वर्षांवरच्या ३६३ जणांना भेटली. २००८ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. १२.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होता. सर्वसाधारण ऑस्ट्रेलियन लोकांमध्ये त्या वयोगटातलं प्रमाण २.४ टक्के धरलं जात होतं. म्हणजे पाचपटीहून अधिक! पासष्टच्या पुढच्यांमध्ये तर चारातल्या एकाहून जास्त जणांना. हे जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी होते, आणि ते त्यांच्याच वस्तूंनी, त्यांच्याच रिवाजांचा मान राखून, त्यांच्याच माणसांच्या मदतीनं मोजलेले होते. म्हणजे आता मोजपट्टीला दोष द्यायची सोय उरली नव्हती.

मला इथं थांबावंसं वाटतं, कारण आपल्यासारख्या शिकलेल्या, भल्या मनाच्या लोकांची एक ठरावीक चूक आहे. एखाद्या गरीब समाजाबद्दल वाईट आकडा आला, की आपण म्हणतो, परीक्षाच चुकीची. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तेवढ्यावर थांबलं, की त्या माणसांचं खरं दुखणं बघायची जबाबदारीही आपल्या डोक्यावरून उतरते.

दुखणं आलं कुठून? दारूमुळे, असं पटकन म्हणणारे ऑस्ट्रेलियातही पुष्कळ. किंबर्लीच्या पाहणीत स्मृतिभ्रंशाशी ज्या गोष्टी जोडलेल्या आढळल्या त्या म्हणजे वाढतं वय, पुरुष असणं, शाळा न मिळणं, सध्याचं धूम्रपान, पूर्वी झालेला अर्धांगवायूचा झटका, अपस्मार आणि डोक्याला लागलेला मार. ही यादी कोरडी वाटते. पण तपासलेली माणसं विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत जन्मलेली होती, आणि त्यांचं आयुष्य माहीत असलं की यादीतला एकेक शब्द बोलायला लागतो. यातल्या कित्येकांचं तारुण्य गोऱ्या मालकांच्या गुरांच्या प्रचंड फार्मांवर गेलं. घोड्यावर बसून हजारो गुरं हाकायची. मोबदल्यात बहुतेक वेळा पीठ, साखर, चहा आणि तंबाखू. तंबाखू हा पगाराचा भाग होता, बघा! घोड्यावरून पडलेल्या गड्याला कोण दवाखान्यात नेणार? १९६८च्या अखेरीस समान वेतनाचा नियम लागू झाला, आणि मालकांनी ‘आता परवडत नाही’ म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर काढली. ती फिट्झरॉय क्रॉसिंगसारख्या गावांच्या कडेला तंबू ठोकून राहिली. ज्या जमिनीशी त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं नातं होतं, तिला कुंपण पडलेलं होतं.

याहून खोल जखम मुलांची. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकार आणि मिशनऱ्यांनी मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून काढून संस्थांत आणि गोऱ्या घरांत नेली. १९९७च्या चौकशी अहवालानं अंदाज केला, की दहातल्या एकापासून तिनातल्या एकापर्यंत मुलं अशी नेली गेली. ‘चोरलेल्या पिढ्या’ हे नाव त्यावरून पडलं. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. किंबर्लीचे आकडे प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

बालपणीच्या जखमेचा साठीतल्या विसराळूपणाशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारला असता. त्याचं उत्तर सिडनीकडच्या एका दुसऱ्या पाहणीनं दिलं. टोनी ब्रो, कायली रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्समधल्या पाच वस्त्यांमध्ये साठीपुढच्या ३३६ मूळ रहिवाशांचा अभ्यास केला. ही माणसं शहरांतली आणि समुद्राकाठच्या गावांतली, किंबर्लीपासून हजारो किलोमीटर दूर. तरीही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण देशातल्या सरासरीच्या तिप्पट निघालं. सर्वांत जास्त आढळला तो अल्झायमरचाच प्रकार, जो तुमच्या-माझ्या घरात होतो तोच. आणि २०१७ साली त्यांनी दाखवून दिलं, की ज्यांच्या बालपणात मारहाण, हेळसांड, ताटातूट जास्त होती, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंशही जास्त होता.

मेंदू लहानपणी बांधला जातो. पुरेसं खाणं, निर्धास्त झोप, शाळा, जवळची माणसं यांनी त्याची शिल्लक वाढते, आणि म्हातारपणी झीज सुरू झाली की त्या शिल्लकीवर काही वर्षं निभतं. ज्याची शिल्लकच काढून घेतली, त्याची झीज लवकर उघडी पडते. लहानपणी वारंवार फुटणारे कानही यात आले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांमध्ये ते फार, आणि बहिरेपण हे स्मृतिभ्रंशाच्या टाळण्याजोग्या कारणांतलं एक मोठं कारण मानलं जातं. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगानं अशी चौदा कारणं मोजली आणि म्हटलं, की ती सगळी दूर करता आली तर जगातल्या स्मृतिभ्रंशाचे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल.

मग हे रक्तातच असेल, अशी एक शंका उरते. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांबद्दल याचं पूर्ण उत्तर मी देणार नाही. पण ‘आदिवासी म्हणजे दुबळा मेंदू’ असा जो एक जुना समज आहे, त्याला दक्षिण अमेरिकेतून चोख उत्तर मिळालं आहे. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने आणि मोसेतेन नावाचे आदिवासी राहतात. शेती, मासेमारी, शिकार, दिवसभर चालणं. २०२२ साली त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंश किती? सुमारे एक टक्का. जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. तेही आदिवासी, हेही आदिवासी. एकाचं जगणं बऱ्याच अंशी त्याच्या हातात राहिलं, दुसऱ्याचं काढून घेतलं गेलं. त्सिमानेंचं आयुष्य सुखाचं आहे असं मात्र मी म्हणत नाही. जंतांनी आणि तापांनी ते बेजार असतात.

कॅनडातल्या ह्युरॉन सरोवरातल्या मॅनिटूलिन बेटावर अनिशिनाबे लोक राहतात. किंबर्लीची चाचणी घेऊन, तिथल्या ज्येष्ठांबरोबर बसून, पुन्हा नव्यानं घडवून, तिची कॅनडाची आवृत्ती तयार झाली. क्रिस्टन जॅक्लिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथं पुष्कळ काम केलं आहे. त्यांना आढळलं, की अनेक जाणत्यांच्या मते म्हातारपणीचं विसरणं म्हणजे वर्तुळ पूर्ण होणं. माणूस पुन्हा मूल होतो आणि जिथून आला तिकडे जवळ जातो. वारलेली माणसं दिसतात, तर दिसू द्यावीत. ऐकून आपलंच कोणी बोलतंय असं वाटलं. आपणही ‘दुसरं बालपण’ म्हणतोच की. फक्त आपल्याकडे सोबत ‘म्हातारचळ’ आणि ‘साठी बुद्धी नाठी’ हेही आहे, आणि त्यात माया कमी, टिंगल जास्त.

त्या दृष्टीत माणसाला घरात जागा राहते, हे मोठंच आहे. तरी माझ्यातली रुग्णालयातली बाई पूर्ण गप्प बसत नाही. अचानक भ्रम होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कधी लघवीचा संसर्ग असतो, कधी थायरॉइडचा दोष, कधी ब जीवनसत्त्वाची कमतरता, कधी नुसतं दाबून धरलेलं दुःख. ही दुखणी बरी होतात. ‘वयानं होतं’ म्हणून सोडून दिलं, की बरं होणारंही हातचं जातं. ‘वयानं होतं’ हे वाक्य किंबर्लीतही म्हणतात आणि कोरेगावातही.

सांभाळायचं कोणी, हा प्रश्न तिथं आणखी अवघड आहे. दूरच्या वस्तीतल्या माणसाला शुश्रूषागृहात ठेवायचं, तर शेकडो किलोमीटरवरच्या गावात न्यावं लागतं. आपल्या मुलखावर मरण यावं ही तिथल्या म्हाताऱ्यांची सर्वांत मोठी इच्छा. आणि ज्याला लहानपणी उचलून संस्थेत नेलं होतं, त्याला म्हातारपणी पुन्हा तसेच लांबच लांब व्हरांडे, रांगेतल्या खाटा आणि गणवेशातली माणसं दिसली, की तो सैरभैर होतो. ताजं काही आठवत नाही, पण ते आठवतं. म्हणून शक्य तिथं घरीच, नात्यागोत्यात सांभाळायचं, आणि सांभाळणाऱ्यांना हात द्यायचा, असा तिथला आग्रह आहे. सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच. हेही तुम्हाला ओळखीचं वाटेल.

भारताचं थोडं सांगायला हवं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये नव्वदच्या दशकात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच अडचण ओळखून निरक्षरांसाठी हिंदी चाचणी केली होती. त्यात लेखी वाक्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा असं होतं. घड्याळातल्या वेळेऐवजी सकाळ, दुपार की संध्याकाळ, एवढंच विचारलं होतं. म्हणजे मी मावशीची परीक्षा घेतली, त्याच्या पाच वर्षं आधी हे छापून आलं होतं. मी वाचलं नव्हतं, दुसरं काय! अलीकडे, २०२३ साली, देशभरच्या एका मोठ्या पाहणीतून अंदाज आला, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. उलट हिमाचलमधल्या भरमौरच्या आदिवासी भागात झालेल्या एका पाहणीत एकही रुग्ण आढळला नव्हता. तिथल्या डोंगरातल्या जगण्याचा हा गुण असेल, किंवा आजार दिसायच्या वयापर्यंत माणसं पोचतच नसतील. नुसता आकडा हे सांगत नाही.

२०११च्या जनगणनेप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख आदिवासी होते. मेळघाटातल्या कोरकू आजीला किंवा भामरागडच्या माडिया आजोबांना उद्या कोणी तपासायला बसलं, तर ‘कितवा मजला’ हा प्रश्न तेवढा विचारू नये. तिथं काय विचारायचं ते कोरकूच सांगतील, माडियाच सांगतील. मोहाची फुलं कधी वेचतात, गेल्या बाजारी काय आणलं, कोणाची शेळी व्याली. ऑस्ट्रेलियात जेव्हा १९६७च्या सार्वमतानं राज्यघटनेतलं एक कलम काढून टाकलं, तेव्हा कुठं मूळ रहिवासी देशाच्या लोकसंख्येत धरले जाऊ लागले. त्यांच्या म्हाताऱ्यांची विस्मृती नीट मोजायला आणखी चाळीस वर्षं लागली. आपण आदिवासींना जनगणनेत मोजतो, एवढ्यानं आपलं समाधान होऊ नये.

आता मावशी.

औषध थांबल्यावर दोन-अडीच वर्षं ठीक गेली. मग मावसभावाची बायको, आमच्या वहिनी, फोनवर काहीबाही सांगायला लागल्या. आत्याबाई तेच तेच बोलतात. आत्याबाई भाकरी करायला बसतात आणि परात घेऊन तशाच बसून राहतात. सासूला आत्याबाई म्हणायची तिकडची पद्धत. मी दर वेळी एकच उत्तर दिलं, ‘अहो वहिनी, ती परीक्षाच चुकीची होती. मावशीला काही झालेलं नाही.’ एकदा चुकल्याची मला इतकी लाज वाटत होती, की त्यानंतर मी तिच्याकडे बघायचंच सोडलं. २००५च्या पावसाळ्यात ती पहाटे घरातून निघाली आणि दुपारी ओढ्याच्या पलीकडे, चिखलात बसलेली सापडली. मग रीतसर तपासण्या झाल्या. अल्झायमरच होता, आणि बराच पुढे गेलेला. २००९ साली ती गेली.

किंबर्लीच्या त्या चाचणीला एक दुसरा भाग आहे. तो म्हाताऱ्या माणसासाठी नाही. त्याला रोज सांभाळणाऱ्या घरच्या माणसासाठी आहे. त्यांच्यात काय बदल दिसतो, जुन्या गोष्टी कशा आठवतात, काल-परवाच्या कशा, असे साधे प्रश्न. तो भाग वाचल्यावर, मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती तरी, मी कोरेगावला गेले. वहिनी आता स्वतःच साठीला आल्या आहेत. मी तो कागद समोर ठेवला आणि एकेक प्रश्न मराठीत विचारत गेले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली, न अडखळता. शेवटी मी विचारलं, तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?

‘दोन सालच्या कार्तिकात,’ त्या म्हणाल्या. ‘एकादशीला आत्याबाईंनी सकाळी भाकरी खाल्ली. मी म्हटलं, अवो आज एकादशी. त्या म्हटल्या, कसली एकादशी? तवाच मला समजलं, ताई.’

‘मग मला का नाही सांगितलंत?’

‘सांगत होते की. तुमी तारीखच इचारीत होता.’